रिकाम्या निघालेल्या शंका

कुठलीही मोठी प्रणाली कोसळण्याआधी कुणाला तरी शंका आलेली असते. सर्व्हर, डेटाबेस आणि त्यांच्यावर चालणारं सगळं रात्रंदिवस चालू ठेवणं हा माझा व्यवसाय आहे, आणि त्यात जितकी वर्षं गेली तितकं हे मत पक्कं होत गेलंय. बाहेरच्या माणसाला बिघाड अचानक झालेला दिसतो. आत चौकशी सुरू झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणीतरी हळूच म्हणतं, "मला तेव्हाच वाटलं होतं." चौकशीला बसले की आता मी या वाक्याची वाटच बघते. ते आलं की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग तेव्हा बोलला का नाहीस?

अमेरिकेत, आमच्या व्यवसायात, या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा त्या माणसाच्या व्हिसाच्या कागदांत सापडतं. कंपन्यांच्या चौकशी अहवालांत ते कधीच लिहिलं जात नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

आमच्याकडे भरवसा 'नवां'मध्ये मोजतात. ९९.९ टक्के वेळ चालू, म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद पडायची मुभा. ९९.९९ म्हणजे साधारण ५२ मिनिटं. पाच नऊ म्हणजे वर्षभरात जेमतेम सव्वापाच मिनिटं. ही मिनिटं वाचवायला कंपन्या पाण्यासारखा पैसा ओततात. प्रत्येक गोष्ट दुहेरी, एक डेटा सेंटर गेलं तर दुसरं तयार, वीज गेली तर जनरेटर. एवढं करूनही मोठे बिघाड होतात आणि त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा कुणीतरी केलेला एखादा बदल असतो. नवा कोड, नवी सेटिंग, भलत्याच सर्व्हरवर चालवलेली कमांड. बदल करायच्या आधी जो माणूस "थांबा जरा" म्हणतो, त्याच्याइतकं स्वस्त आणि खात्रीचं संरक्षण मी आजवर दुसरं पाहिलेलं नाही.

नाइट कॅपिटलचं प्रकरण मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते. अमेरिकन शेअर बाजारातली ही बडी कंपनी. १ ऑगस्ट २०१२ ला न्यूयॉर्क स्टॉक एक्सचेंजची एक नवी योजना सुरू होणार होती आणि तिच्यासाठी नाइटने आपल्या ऑर्डर पाठवणाऱ्या प्रणालीत नवा कोड घातला. आठ सर्व्हर होते. सातांवर कोड गेला, आठव्यावर टाकायचा राहिला. त्या आठव्यावर 'पॉवर पेग' नावाचा, २००३ पासून वापरात नसलेला कोड तसाच पडून होता. नव्या योजनेसाठी जी खूण वापरायची ठरली होती, नेमक्या त्याच खुणेने हा जुना कोड जागा होत असे. साडेनऊला बाजार उघडला आणि आठव्या सर्व्हरने बेफाम ऑर्डरी सोडायला सुरुवात केली. काय चाललंय ते कळेना, तेव्हा लोकांनी उरलेल्या सात सर्व्हरवरचा नवा, बरोबर असलेला कोडच काढून टाकला. झालं, तेही सातजण आठव्यासारखंच वागू लागले. पाऊण तासात ४० लाखांहून जास्त व्यवहार, १५४ कंपन्यांचे शेअर, ४६ कोटी डॉलरच्या वर तोटा. वर्षभरात नाइट दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

यातला जो तपशील मला कायम अस्वस्थ करतो तो बाजार उघडण्याआधीचा आहे. त्या दिवशी सकाळी आठ वाजून एक मिनिटापासून प्रणालीने कंपनीतल्या लोकांना 'पॉवर पेग डिसेबल्ड' अशी चूक दाखवणाऱ्या ९७ ईमेल पाठवल्या होत्या. दीड तास हातात होता. पण त्या ईमेल इशारा म्हणून आखलेल्याच नव्हत्या, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. कोड चढवल्यावर दुसऱ्या कुणीतरी तो तपासावा असा लेखी नियमही नव्हता. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने, म्हणजे एसईसीने, २०१३ च्या आदेशात हे सगळं नोंदवून ठेवलंय.

यंत्राला भीती नसते. काही खटकलं की ते सांगून मोकळं होतं, ऐकणारं कुणी असो-नसो. माणूस आधी आजूबाजूला बघतो. समोर कोण बसलंय, मागच्या वेळी बोललो तेव्हा काय झालं, आणि आज बोललो तर घरी काय होईल, एवढा सगळा हिशोब दोन सेकंदांत करून मग तो तोंड उघडतो किंवा उघडत नाही.

बाहेरून आलेल्या माणसाचा हा हिशोब कसा असतो ते सांगायला हवं, कारण पुण्या-मुंबईत बसून तो नीट दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या अमेरिकन सहकाऱ्यालाही दिसत नाही. एच-१बी, म्हणजे बाहेरच्या कुशल माणसाला नोकरीसाठी मिळणारा व्हिसा, आला १९९० च्या कायद्याने. आज वर्षाला ६५,००० नवे व्हिसा, आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,०००. मुदत तीन वर्षं, मग आणखी तीन. मंजूर होणाऱ्या अर्जांत दहातले सातच्या आसपास भारतीयांचे. नोकरी बदलता येते, त्यामुळे याला वेठबिगारी म्हणू नका, असं काहीजण सांगतात आणि ते बरोबरच आहे. नवी कंपनी अर्ज भरायला तयार असेल तर अर्ज दाखल होताच तिथे रुजू होता येतं, ही सोय २००० पासून आहे. पण नोकरी गेली तर? २०१७ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात मुलाखती, ऑफर, नव्या वकिलाकडून नवा अर्ज. नाही जमलं तर घर आवरायचं, मुलांची नावं शाळेतून काढायची, गाडी मिळेल त्या किमतीला विकायची.

आणि ग्रीन कार्ड. नोकरीच्या आधारावर वर्षाला १,४०,०००, त्यात कुठल्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्के. भारत असो की आइसलंड, मर्यादा तीच. परिणाम असा की २०२५ मध्ये ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या वर्गातल्या भारतीयांची रांग २०१२-१३ साली लावलेल्या अर्जांपाशी होती. ज्याने तेव्हा अर्ज केला त्याचं तेव्हा जन्मलेलं मूल एव्हाना सातवी-आठवीत पोहोचलेलं. रांगेतच मुलं २१ वर्षांची झाली तर आईवडिलांच्या अर्जातून त्यांचं नाव गळतं. बायकोची किंवा नवऱ्याची नोकरी करायची परवानगीही याच धाग्याला बांधलेली. असा माणूस रिलीजच्या, म्हणजे नवा बदल चालू प्रणालीत सोडण्याआधीच्या, बैठकीत बसतो तेव्हा तो एकटा बसलेला नसतो.

अशाच एका बैठकीचं सांगते. आमचं काम पेमेंटच्या प्रणालीचं होतं. डेटाबेसच्या एका प्रचंड मोठ्या टेबलमध्ये बदल करायचा होता. बदल पुढे नेण्याची चाचणी पूर्ण झाली होती. तो मागे घ्यावा लागला तर काय, याची चाचणी मात्र अगदी छोट्या डेटावर उरकलेली. कागदावर लिहिलं होतं: रोलबॅकला काही मिनिटं. आमच्याकडे रिलीजच्या आधी मॅनेजर एकेकाचं नाव घेऊन विचारतो, गो की नो-गो. सगळे "गो" म्हणत गेले. टीममध्ये साताऱ्याकडचा एकजण होता, डेटाबेसची त्याच्याइतकी जाण आमच्यात कुणालाच नव्हती. त्याचं नाव आलं. माइक चालू झाल्याची खूण स्क्रीनवर दिसली, क्षणभर काहीच ऐकू आलं नाही, आणि मग तोही म्हणाला, "गो."

रात्री बदल मागे घ्यावा लागला. ते काही मिनिटांचं काम तासन्‌तास चाललं, कारण खऱ्या आकाराच्या टेबलवर रोलबॅकने कुलूप घातलं आणि तेवढा वेळ बाकीचं सगळं त्याच्या मागे खोळंबून राहिलं. दुकानदारांना पैसे घेता येत नव्हते. सपोर्टचे फोन थांबत नव्हते. ज्याला-त्याला झोपेतून उठवून कॉलवर घेतलेलं. सकाळी प्रणाली वर आली आणि दोन दिवसांनी अहवाल आला. त्यात एक वाक्य होतं: ही जोखीम आधी लक्षात आलेली नव्हती.

पुढच्या आठवड्यात पार्किंगमध्ये तो मला थांबवून म्हणाला, "अगं, ते वाक्य खोटं आहे. माझ्या लक्षात आलं होतं."

त्याने आदल्या संध्याकाळी स्वतःच गणित करून पाहिलं होतं. किती ओळी, प्रत्येकीला किती वेळ, कुलूप किती वेळ राहील. चॅटच्या खिडकीत दोन ओळी टाइप करून ठेवल्या होत्या, बैठकीत पाठवायला. मग पुसून टाकल्या. मी माझा ठरलेला प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मला अजून शब्दशः आठवतं: "बरोबर निघालं असतं तर सगळे थँक्यू म्हणाले असते गं. पण चुकीचं निघालं असतं तर?"

त्याचं असं झालं होतं की आधीच्या महिन्यात त्याने एक रिलीज अशीच थांबवायला लावली होती. तपासल्यावर तिच्यात काही निघालं नाही. कुणी ओरडलं नाही, पण सहामाही मूल्यमापनात एक वाक्य आलं, की हा कधीकधी टीमचा वेग कमी करतो. आणि नेमक्या आमच्या त्या बैठकीच्या आठवड्यात त्याच्या व्हिसाच्या मुदतवाढीची कागदपत्रं वकिलाकडे होती आणि कंपनीच्या पत्रावर त्याच मॅनेजरची सही लागणार होती. मॅनेजर वाईट नव्हता. त्याने सही अडवली असती असं मला वाटत नाही, आणि साताऱ्याच्या या मित्रालाही तसं वाटत नव्हतं. पण दोन सेकंदांत करायच्या हिशोबात 'अडवणार नाही' आणि 'अडवणार नाही असं वाटतं' यांत फार फरक पडतो.

त्या दिवसापर्यंत मला वाटायचं की लोक वाईट बातमी द्यायला घाबरतात. त्याच्या बोलण्याने मी वेगळ्या बाजूने विचार करायला लागले. खऱ्या निघणाऱ्या शंकेला तसा धोका नसतोच, उलट शाबासकी मिळते. धोका असतो रिकाम्या निघणाऱ्या शंकेला. आणि गंमत बाजूला ठेवून सांगते, बहुतेक शंका रिकाम्याच निघतात. ते स्वाभाविक आहे. गुंतागुंतीच्या प्रणालीत नक्की काय मोडेल हे आधी कुणालाच कळत नाही. दहा जागी बोट ठेवावं तेव्हा एका जागी भोक सापडतं. म्हणजे ज्याला नऊ वेळा चुकीचं ठरायची मोकळीक आहे तोच दहाव्या वेळी टीमला वाचवू शकतो. ज्याला ती नाही तो स्वतःची पूर्ण खात्री होईपर्यंत गप्प बसतो, आणि पूर्ण खात्री होते तेव्हा प्रणाली आधीच पडलेली असते.

विमान वाहतुकीने ही गोष्ट फार मोठी किंमत देऊन शिकली. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफ बेटावरच्या लोस रोदेओस विमानतळावर दाट धुक्यात केएलएमचं विमान उड्डाणासाठी धावायला लागलं, पॅन अॅमचं विमान अजून त्याच धावपट्टीवर असताना. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, ते पॅन अॅम बाजूला झालेलं नाही का? कॅप्टन हा कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ वैमानिक. त्याने ठामपणे सांगितलं, झालंय. इंजिनिअर पुन्हा बोलला नाही. ५८३ माणसं गेली. त्यानंतरच्या वर्षांत कॉकपिटमधल्या कनिष्ठाने शंका कशी काढायची आणि वरिष्ठाने ती कशी ऐकायची, याचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं. आज वैमानिकांना ते घ्यावंच लागतं.

एमी एडमंडसन या संशोधिकेने नव्वदच्या दशकात हॉस्पिटलांमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या चालणाऱ्या टीममध्ये चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले. कारण शोधल्यावर कळलं की तिथे चुका जास्त सांगितल्या जात होत्या. इतर ठिकाणी त्या दडपल्या जात होत्या. आमच्या क्षेत्राने हे मनावर घेतलं, याचं श्रेय द्यायलाच हवं. बिघाडानंतर कुणाचंही नाव न घेता चौकशी करायची, माणूस का चुकला याऐवजी त्याला ती चूक करणं इतकं सोपं का होतं ते विचारायचं, ही पद्धत गेल्या दहा-पंधरा वर्षांत सगळीकडे पसरली. प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीने तर कमाल केली. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका इंजिनिअरने चुकून खऱ्या डेटाबेसची फोल्डर पुसली. लक्षात येईपर्यंत ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या सोयी होत्या आणि त्यांतली एकही धड चालत नव्हती. कंपनीने दुरुस्तीचं काम जगासमोर थेट दाखवलं, अहवाल जसाच्या तसा छापला, आणि त्या इंजिनिअरचा उल्लेख फक्त 'टीम-मेंबर-१' असा केला. मला ती कंपनी त्या दिवसापासून आवडते.

पण ही सगळी पद्धत एक गोष्ट गृहीत धरते: चौकशीच्या खोलीत दिलेला शब्द त्या खोलीबाहेरही पाळला जाईल. अहवालात नाव नसतं हे खरं, तरी टीममधल्या सगळ्यांना ते ठाऊक असतं. सहामाही मूल्यमापन वेगळ्या कागदावर होतं आणि ले-ऑफची, म्हणजे नोकरकपातीची, यादी तिसऱ्याच कुणीतरी, तिसऱ्याच मजल्यावर बनवलेली असते. ज्याच्यासाठी नोकरी जाणं म्हणजे काही महिन्यांची ओढाताण, त्याचा या शब्दावर विश्वास बसतो. ज्याच्यासाठी नोकरी जाणं म्हणजे देश सोडणं, त्याने किती विश्वास ठेवावा?

यावर मला नेहमी एक उत्तर ऐकवलं जातं, आणि दुःख म्हणजे ते बहुधा आपलीच माणसं ऐकवतात. की हा आपला स्वभाव आहे. शाळेपासून आपण मास्तरांपुढे गप्प बसणारे, साहेबाला 'नाही' म्हणायची आपल्याला सवयच नाही. मला हे अजिबात पटत नाही. याच शांत, नम्र म्हणवल्या जाणाऱ्या लोकांना मी मंडळाच्या गणेशोत्सवाच्या बैठकीत हॉलच्या भाड्यावरून तासभर हिरिरीने भांडताना बघितलंय. आणि त्याहून मोठा पुरावा म्हणजे ग्रीन कार्ड. एक सहकारी वर्षानुवर्षं डिझाइनच्या चर्चेत "लुक्स गुड" एवढंच लिहायचा. त्याचं कार्ड आलं. त्याच महिन्यात त्याने एका दस्तऐवजावर दीड पानाची टिप्पणी लिहिली, पहिली ओळ: मला हे मान्य नाही. मुद्दे नवीन नव्हते. त्याने मला सांगितलं की त्यातला निम्मा मजकूर त्याच्याकडे दोन वर्षांपासून लिहून ठेवलेला होता. माणूस तोच, त्याची शाळा तीच, संस्कारही तेच. बदललं होतं ते खिशातलं कार्ड.

२०२२ च्या नोव्हेंबरपासून हे सगळं उघड्यावर आलं. इलॉन मस्कने ऑक्टोबरच्या शेवटी ट्विटर घेतलं, आठवड्याभरात साडेसात हजारांतले जवळपास निम्मे लोक काढले, आणि मग १६ नोव्हेंबरला उरलेल्यांना ईमेल गेली: प्रचंड कष्टाच्या नव्या पद्धतीला तयार असाल तर उद्या संध्याकाळी पाचच्या आत 'हो' म्हणा, नाहीतर तीन महिन्यांचा पगार घ्या आणि जा. शेकडो लोक निघून गेले. व्हिसावर असलेल्यांसमोर मात्र तीन महिन्यांच्या पगाराबरोबर ६० दिवसांचं घड्याळही होतं. तिथे कोण कशासाठी थांबलं हे बाहेरून मी सांगू शकत नाही, आणि पटलं म्हणून थांबलेलेही असतीलच. पण ज्यांना 'नाही' म्हणण्याची किंमत देश सोडण्याइतकी होती, त्यांच्या 'हो'वर मी एखादी प्रणाली उभी करणार नाही. त्याच महिन्यात मेटाने ११,००० लोक काढले. जानेवारीत मायक्रोसॉफ्टने १०,०००, गूगलने १२,०००, अॅमेझॉनने १८,००० जाहीर केले. आणि ज्यांची नोकरी राहिली त्यांचंही ग्रीन कार्ड अडलं, कारण ले-ऑफ केल्यावर 'या कामाला अमेरिकन माणूस मिळत नाही' असं सरकारला सांगणं अवघड होतं आणि बऱ्याच कंपन्यांनी ती प्रक्रियाच थांबवली.

त्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या मराठी व्हॉट्सअॅप गटांवर तिळगुळाच्या निमंत्रणांमध्ये रेझ्युमे फिरत होते. 'भाचीच्या मैत्रिणीचा नवरा, बॅकएंड, ४१ दिवस उरलेत, कुणाकडे काही असेल तर बघा.' ४१ दिवस उरलेत. अनुभव किती वर्षांचा हे त्याच्या नंतर लिहिलेलं.

मग सप्टेंबर २०२५. १९ तारखेला, शुक्रवारी, नव्या एच-१बीसाठी एक लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला, शनिवारी मध्यरात्रीपासून लागू. नक्की कुणाला लागू हे त्या रात्री कुणालाच कळत नव्हतं. कंपन्यांच्या वकिलांनी देशाबाहेर असलेल्यांना रविवारच्या आत परत या अशा ईमेल पाठवल्या. सोमवारी घटस्थापना होती. घरी गेलेले लोक नवरात्र, आईवडील, अर्धवट राहिलेली कामं सगळं टाकून मिळेल त्या भावाने तिकीट काढून विमानतळाकडे धावले. शनिवारी खुलासा आला, की हे फक्त नव्या अर्जांसाठी आहे. तोवर काहीजण हवेत होते. त्या शनिवार-रविवारी यांतल्याच कितीतरी जणांकडे कुठल्या ना कुठल्या कंपनीची ऑन-कॉलची, म्हणजे बिघाड झाला तर फोन उचलून तो निस्तरायची, पाळी असणार. तुमचं बँकेचं अॅप, तुमच्या हॉस्पिटलची नोंदणी, तुमचं विमानाचं तिकीट अशा माणसाच्या फोनवर अवलंबून होतं, जो स्वतः दुबईच्या रांगेत उभा राहून वकिलाचा फोन लागतो का बघत होता.

हिंजवडीच्या बाजूने हीच गोष्ट जरा वेगळी दिसते. तिथे यूएस शिफ्टमध्ये बसलेल्या मुलीला डॅशबोर्डवर काहीतरी खटकतं. क्लायंटला रात्री उठवायचं तर लीडची परवानगी हवी, आणि उठवून काही निघालं नाही तर 'एस्कलेशन', म्हणजे प्रकरण वरपर्यंत गेल्याची नोंद, तिच्या कंपनीच्या नावावर लागतं. ऑनसाइटची, म्हणजे क्लायंटच्या देशात जाऊन काम करायची, संधी कुणाला द्यायची ते ठरवताना लीडला ते आठवतं. रिकाम्या शंकेची किंमत तिथेही मोजलेलीच आहे, फक्त चलन वेगळं.

मी हे कायदे बदलू शकत नाही. २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागार आयोगाने ६० दिवसांची मुदत १८० करावी अशी शिफारस केली होती, नियम अजून ६० चाच आहे. पण माझ्या टीममधली रिलीजची बैठक माझ्या हातात आहे, आणि ती मी बदलली. आता "गो की नो-गो" असं नाव घेऊन विचारणं आम्ही बंद केलंय. त्याऐवजी आदल्या दिवशी प्रत्येकाने एक प्रश्न लेखी सोडवायचा: हा बदल उद्या फसला असं धरून चला, तर तो कशामुळे फसला असेल? मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची ही पद्धत आहे, तिला ते प्री-मॉर्टेम म्हणतात. यात शंका काढणं हा आगाऊपणा ठरत नाही, तो सगळ्यांना दिलेला गृहपाठ असतो. कोरा कागदच उठून दिसतो. उत्तरं नावाशिवाय येतात. शंका रिकामी निघाली तर ती आम्ही तपासली आणि मोकळी झाली एवढंच लिहितो. ती कुणाच्याही मूल्यमापनात जाणार नाही, हे मी माझ्या मॅनेजरकडून लेखी घेतलंय. तोंडी शब्दावर मी हे सोडलं नसतं. आणि ज्याच्या व्हिसाची कागदपत्रं चालू आहेत त्याचं कंपनीचं पत्र त्याच्या थेट मॅनेजरऐवजी दुसऱ्या कुणीतरी सही करावं, असा आग्रह मी धरून आहे. त्यावर एचआरचं अजून ठरलेलं नाही. मी दर महिन्याला विचारते.

सुरुवातीला लोकांना हे वेळखाऊ वाटलं. एका प्रॉडक्ट मॅनेजरने मला स्पष्ट विचारलं, की या कागदांतून खरोखरचा बिघाड किती वेळा सापडला? फार वेळा नाही, असं मी सांगितलं, आणि तेच अपेक्षित आहे हेही सांगितलं. त्यांचं पूर्ण समाधान झालेलं नाही. चर्चा चालू आहे.

साताऱ्याचा मित्र अजून रांगेतच आहे, त्याची तारीख २०१४ ची. नावाशिवाय उत्तर द्यायची सोय असताना तो हल्ली खाली नाव लिहितो. मागच्या महिन्यात त्याच्या शंकेपायी एक रिलीज गुरुवारची सोमवारवर गेली. रोलबॅक खऱ्या आकाराच्या डेटावर चालवून बघितला, व्यवस्थित चालला, वेळेत संपला. शंका रिकामी निघाली. तशी नोंद झाली, सोमवारी रिलीज गेली, आणि या आठवड्याच्या कागदावर त्याने आणखी दोन शंका लिहिल्या आहेत.